जुन्या अमेरिकन फुटबॉल कार्डांतली पाच सर्वांत मानाची कार्डं कोणती?

कोकणकडा (धागाकर्ता)

बेसबॉलची जुनी कार्डं म्हटलं की होनस वॅग्नर आणि मिकी मँटल ही दोन नावं कुणीही संग्राहक झोपेतून उठवलं तरी सांगेल. अमेरिकन फुटबॉलचं तसं नाही. न्यू जर्सीतल्या कार्ड शोमध्ये ज्याला विचारावं त्याचं उत्तर वेगळं. म्हणून इथल्या जाणकारांपुढे प्रश्न ठेवतो: १९७० च्या आधी छापलेल्या कार्डांतून फक्त पाच निवडायची झाली, तर तुम्ही कोणती निवडाल?

किंमत कृपया बाजूला ठेवा. लिलावात कशाला किती मिळाले ते कुठेही वाचता येतं. माझी कसोटी अशी: त्या माणसामुळे खेळ बदलला असला पाहिजे, कार्ड दहा फुटांवरून ओळखू आलं पाहिजे, आणि ते कार्ड नेमकं त्याच वर्षी निघालं याला काही अर्थ असला पाहिजे. तिन्ही गोष्टी एका कार्डात जुळून येणं फार दुर्मीळ असतं.

माझी पाच (आधी कार्ड काढणारी कंपनी आणि वर्ष, मग खेळाडू आणि कार्डाचा क्रमांक):

नॅशनल चिकल १९३५, ब्रॉन्को नागुर्स्की, क्रमांक ३४.
लीफ १९४८, सॅमी बॉ, क्रमांक ३४.
टॉप्स १९५७, जॉनी युनायटस, क्रमांक १३८.
टॉप्स १९५८, जिम ब्राउन, क्रमांक ६२.
टॉप्स १९६५, जो नेमथ, क्रमांक १२२.

नागुर्स्कीबद्दल सविस्तर लिहितो, कारण माझ्या दृष्टीने पहिला मान त्याचाच. नॅशनल चिकल ही मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजची च्युइंगम कंपनी. एक सेंटच्या गमबरोबर कार्ड मिळायचं. अख्खा संच ३६ कार्डांचा, आणि व्यावसायिक फुटबॉलपटूंना वाहिलेला हा पहिलाच संच. अपवाद एकच, नोत्र दाम विद्यापीठाचे प्रशिक्षक न्यूट रॉकनी. ते १९३१ मध्येच विमान अपघातात गेले होते, तरी त्यांचं कार्ड काढल्याशिवाय कंपनीला राहवलं नाही. पहिली २४ कार्डं त्यामानाने सापडतात. २५ ते ३६ कमी छापली गेली आणि नागुर्स्की नेमका त्या शेवटच्या बारांत आहे.

आणि चित्रं! त्या काळच्या आर्ट डेको धाटणीची, सपाट, भडक रंगांची. फोटोवर रंग चढवलेला खेळाडू पुढे आणि मागे पोस्टरसारखी रंगांची फेक. १९३५ म्हणजे मंदीचा काळ, व्यावसायिक फुटबॉलला कॉलेज फुटबॉलपुढे कुणी विचारत नव्हतं, आणि अशा वेळी कुणीतरी या माणसांना एवढ्या थाटात छापलं. दोन वर्षांत कंपनीचं दिवाळं निघालं. त्यांचा हा एकमेव फुटबॉल संच आजही सगळ्यांत देखणा आहे, असं माझं ठाम मत आहे.

---

बेअर्सभक्त

नागुर्स्कीला शंभर टक्के अनुमोदन. शिकागोत राहून दुसरं काही म्हणणं शक्यच नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा माणूस फुलबॅकही खेळायचा आणि टॅकलही, म्हणजे चेंडू घेऊन धावणाराही तोच आणि समोरच्याला आडवा करणाराही तोच. वर व्यावसायिक कुस्तीत जागतिक विजेता. १९३७ नंतर फुटबॉल सोडलं आणि युद्धकाळात माणसं कमी पडली म्हणून १९४३ मध्ये त्याच्या जुन्या संघाने, शिकागो बेअर्सनी, परत बोलावलं, तर त्या वर्षी संघ विजेता झाला.

पण कोकणकडा, तुमच्या यादीत रेड ग्रेंज नाही हे पटलं नाही. १९३३ चा गाउडी स्पोर्ट किंग्ज संच घ्या. ४८ कार्डं, सगळ्या खेळांचे राजे एकत्र: बेब रूथ, टाय कॉब, आणि फुटबॉलचे तिघंच, ग्रेंज, जिम थॉर्प आणि रॉकनी. तुमचीच कसोटी लावू. खेळ बदलला का? १९२५ च्या नोव्हेंबरात कॉलेजचा शेवटचा सामना खेळून ग्रेंज लगेच बेअर्सकडे आला आणि थँक्सगिव्हिंगच्या दिवशी रिगली फील्ड तुडुंब भरलं. त्यानंतर देशभर दौरा झाला. व्यावसायिक फुटबॉल पाहायला तिकीट काढून माणसं येतात, हे त्या हिवाळ्यात पहिल्यांदा सिद्ध झालं. ग्रेंज नसता तर नागुर्स्कीचं कार्ड काढायला गमवाला तरी आला असता का?

---

जुनाबाजार

मी पुण्याहून लिहितोय. माझा छंद काडेपेट्यांच्या छापांचा आणि पोस्टाच्या तिकिटांचा, फुटबॉल कार्डांतलं काही कळत नाही, पण धागा वाचायला मजा येतेय. लहानपणी च्युइंगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं यायची ती आम्हीही जमवली होती, त्यामुळे गम आणि कार्ड हे नातं समजलं. दोन बाळबोध प्रश्न. ही प्रथा सुरू कुठून झाली? आणि रुकी कार्डाचं एवढं कौतुक का? खेळाडूच्या ऐन बहराच्या काळातलं कार्ड जास्त मोलाचं नको का?

---

कोकणकडा

जुनाबाजार, प्रश्न अजिबात बाळबोध नाहीत.

सुरुवात सिगारेटपासून. पाकीट दबू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालायचे. त्यावर चित्र छापलं तर गिऱ्हाईक तेच पाकीट पुन्हा घेतं, हे तंबाखूवाल्यांच्या लक्षात आलं. १८८८ च्या गुडविन चॅम्पियन्स संचात येलचा कर्णधार हॅरी बीचर आहे आणि फुटबॉलचं पहिलं कार्ड म्हणून त्याच्याकडेच बोट दाखवतात. १८९४ मध्ये व्हर्जिनियातल्या मेयो कंपनीने ३५ कार्डांचा संच काढला, सगळे हार्वर्ड, येल आणि प्रिन्सटनचे विद्यार्थी. काळी चौकट, आत तपकिरी फोटो. त्यातल्या एका कार्डावर नावच छापलेलं नाही. तो हार्वर्डचा जॉन डनलॉप. बाकी सगळ्यांना नाव आणि याला नाही! त्याची मोजकीच कार्डं आज ठाऊक आहेत. तंबाखूनंतर गम आला आणि गिऱ्हाईक मोठ्यांचं मुलांवर गेलं. पन्नाशीच्या दशकात बोमन आणि टॉप्स यांच्यात खेळाडूंच्या करारांवरून चुरस चालली. १९५६ मध्ये टॉप्सने बोमनच विकत घेतली. १९५७ आणि ५८ ची सगळी मोठी कार्डं टॉप्सची का, तर यामुळे.

रुकी कार्ड म्हणजे खेळाडूचं पहिलं कार्ड. ते छापणाऱ्याला पुढे काय घडणार आहे हे ठाऊक नसतं. युनायटस बघा. १९५५ मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पिट्सबर्गने नवव्या फेरीत घेतला आणि एकही सामना खेळू न देता काढून टाकला. मग हा दिवसा बांधकामावर काम करायचा आणि ब्लूमफिल्ड रॅम्स नावाच्या स्थानिक संघाकडून सामन्याला सहा डॉलरवर खेळायचा. १९५६ मध्ये बाल्टिमोरने बोलावलं, आणि १९५७ च्या कार्डावर तो पहिल्यांदा दिसतो. कार्ड आडवं, दोन भागांत: एकीकडे चेहरा, दुसरीकडे खेळताना. शेजारच्या कार्डावरचा कुठलाही सामान्य खेळाडू असावा तसाच तो छापलाय. पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९५८ ला, यांकी स्टेडियमवर जादा वेळेत २३–१७ ने जिंकलेला तो अंतिम सामना झाला आणि टीव्हीवर फुटबॉल म्हणजे काय ते देशाला कळलं. बहरातलं कार्ड घेतलं तर जे सगळ्यांना ठाऊक झालंय तेच हाती येतं. रुकी कार्डात त्याच्या आधीचा क्षण आहे.

त्याच संचात बार्ट स्टारचंही पहिलं कार्ड आहे, क्रमांक ११९. त्याला १७ व्या फेरीत, २०० वा घेतला होता. पॉल हॉर्नंगही तिथेच. ८९ च्या पुढची कार्डं कमी सापडतात आणि हे तिघेही त्या भागात येतात.

---

मृद्गंध

कोकणकडा दादा, यादी छान आहे, पण जिम ब्राउनला चौथ्या ओळीत एका वाक्यात गुंडाळलंत, म्हणून लिहायला बसले. मी क्लीव्हलंडजवळ राहते. इथल्या वयस्कर माणसांकडे ब्राउनचा विषय काढून बघा, संध्याकाळ निघून जाते.

नऊ हंगाम. त्यातले आठ हंगाम चेंडू घेऊन धावून काढलेल्या यार्डांत लीगमध्ये, म्हणजे एनएफएल या मुख्य व्यावसायिक स्पर्धेत, पहिला. १२,३१२ यार्ड, दर धावेला पाचाहून जास्त. एकही सामना चुकवला नाही. आणि तिसाव्या वर्षी, सिनेमाच्या चित्रीकरणासाठी इंग्लंडमध्ये असताना, सराव शिबिराला वेळेवर आला नाही तर दंड करू असं मालकाने जाहीर केल्यावर त्याने निवृत्ती पत्करली. १९६६ मधला कृष्णवर्णीय खेळाडू मालकाला सांगतोय की माझं आयुष्य मी ठरवणार! खेळ बदलणं फक्त मैदानात होत नाही.

आता कार्ड. १९५८ चा टॉप्स संच १३२ कार्डांचा. एका शीटवर १३२ बसायची, त्यामुळे या संचात दुर्मीळ क्रमांक असा नाही. ब्राउनचं कार्ड तितकंच छापलं गेलं जितकं त्याच्या आजूबाजूच्यांचं. हीच मला त्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. नागुर्स्कीला शेवटच्या बाराचा आधार आहे, नेमथला कमी छपाईचा. ब्राउनचं कार्ड निव्वळ ब्राउनचं आहे म्हणून मानाचं आहे. बाकी अडचणी सगळ्या छपाईच्या: चित्र चौकटीत मध्यावर सापडत नाही, अंडाकृती फोटोभोवतीच्या रंगात पांढरे ठिपके पडलेले असतात, कोपरे झिजलेले असतात. पोरांनी रबरबँड लावून खिशात घालून फिरवलेली कार्डं ती. निर्मळ प्रत मिळणं कठीण, पण कार्ड मिळणं कठीण नाही.

आणि एक कार्ड कुणीच घेतलेलं नाही म्हणून मी घेते. टॉप्स १९६२, क्रमांक ३६, एर्नी डेव्हिस.

सिराक्यूज विद्यापीठात जिम ब्राउनचा ४४ नंबर याने घातला. हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलचा सर्वांत मोठा पुरस्कार, जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू हाच, १९६१ मध्ये. १९६२ च्या निवडीत त्याला सगळ्यांत पहिला घेतला तो वॉशिंग्टनने, आणि तेव्हा लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू न घेतलेला तोच शेवटचा संघ उरला होता. त्यांनी क्लीव्हलंडशी अदलाबदल केली. बॉबी मिचेल तिकडे गेला आणि डेव्हिस ब्राउनच्या बाजूला खेळायला इकडे आला. म्हणजे यायचा होता. त्या उन्हाळ्यातच ल्युकेमिया असल्याचं निदान झालं. १८ मे १९६३ ला तो गेला, तेव्हा २३ वर्षांचा होता. लीगचा एकही सामना तो खेळला नाही. क्लीव्हलंडने तरी त्याचा ४५ नंबर कायमचा निवृत्त केला.

टॉप्सचा १९६२ चा संच काळ्या चौकटीचा आहे. छपाईच्या वेळी हे कुणाच्या मनातही नसणार. मोठा रंगीत फोटो, शेजारी लहान कृष्णधवल चित्र, आणि भोवती काळी कड, जी जरा हात लागला तरी पांढरी पडते. माझ्याकडे हे कार्ड आहे. खालचा डावा कोपरा पार सोलवटलाय आणि आतला पुठ्ठा दिसतो, पण चेहरा स्वच्छ आहे. कसोटी म्हणते की माणसामुळे खेळ बदलला पाहिजे. याला ती संधीच मिळाली नाही. तरीही फुटबॉल कार्डांची गोष्ट सांगताना हे कार्ड वगळणं मला जमणार नाही.

---

जुनाबाजार

मृद्गंध ताई, शेवटचे दोन परिच्छेद पुन्हा वाचले. धन्यवाद.

---

सह्याद्रीपार

टेक्सासहून नमस्कार. मी १९५२ चा बोमन लार्ज संच जुळवतोय, म्हणून दुर्मीळपणाबद्दल थोडं.

या संचात ज्या क्रमांकांना नऊने भाग जातो ती कार्डं आणि त्यांच्या लगतचा पुढचा क्रमांक कमी छापले गेले. मोठ्या आकारामुळे शीटवर सगळं नीट बसलं नाही. शेवटचं कार्ड १४४, जिम लॅन्सफोर्ड. डॅलस टेक्सन्सचा टॅकल, लीगमध्ये एकच हंगाम. त्याचा संघही एकच हंगाम टिकला: १२ पैकी एक सामना जिंकला, मालकांनी हंगामाच्या मध्येच हात टेकले आणि संघ लीगच्या गळ्यात पडला. पुढच्या वर्षी तीच माणसं बाल्टिमोरला देऊन आजचा कोल्ट्स उभा राहिला. संच पूर्ण करणाऱ्याला लॅन्सफोर्डवाचून गत्यंतर नाही. शेवटचा क्रमांक म्हणजे गठ्ठ्याच्या तळाशी, म्हणून मार खाल्लेला, आणि त्यात छपाई कमी. त्याच संचातल्या फ्रँक गिफर्डच्या पहिल्या कार्डापेक्षा हे मिळवणं जड जातं. पण याला मानाचं कार्ड म्हणायचं का? मी म्हणणार नाही. हे कार्ड दुर्मीळ आहे, बस. टॉप्स १९६६ मधलं क्रमांक १५ चं फनी रिंग कार्डही असंच, संचातल्या कार्डांची यादी छापलेलं. त्यावर तर खेळाडूच नाही.

माझा बदल लीफमध्ये आहे. कोकणकडा, तुम्ही १९४८ मधून बॉ घेतला. सॅमी बॉ थोरच, पण १९३७ पासून तो गाजत होता. त्याच लीफमधून केनी वॉशिंग्टन घ्या. १९३४ ते १९४५ या काळात लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९४६ मध्ये रॅम्स हा संघ लॉस एंजेलिसला आला, तिथलं स्टेडियम सार्वजनिक, आणि स्थानिक कृष्णवर्णीय पत्रकारांनी मुद्दा लावून धरला, तेव्हा वॉशिंग्टनला करार मिळाला. तोवर त्याची उमेदीची वर्षं निघून गेली होती आणि गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या होत्या. जॅकी रॉबिन्सन हा त्याचा यूसीएलए विद्यापीठातला संघसहकारी. बेसबॉलमधल्या रॉबिन्सनचं नाव जगाला ठाऊक आहे, त्याच्या एक वर्ष आधी फुटबॉलमध्ये शिरलेल्या वॉशिंग्टनचं किती जणांना?

दिसण्यातही लीफ मागे नाही. शिकागोची कंपनी, ९८ कार्डं, जाड शाईचे रंग, कृष्णधवल फोटोवर चढवलेले. त्याच वर्षीचा बोमन संच साधा कृष्णधवल आहे. दोन्ही शेजारी ठेवले की लीफ अंगावर येतो.

---

कोकणकडा

सह्याद्रीपार, वॉशिंग्टनचा मुद्दा बिनतोड आहे. बॉ काढला, वॉशिंग्टन घेतला.

बेअर्सभक्त, ग्रेंजचं म्हणणं मान्य, पण स्पोर्ट किंग्ज हा सगळ्या खेळांचा संच. तो पाहताना मन बेब रूथकडे जातं. फुटबॉलच्या यादीत फुटबॉलचाच संच हवा असं मला वाटतं. ग्रेंज आणि थॉर्प दोघेही टॉप्सच्या १९५५ च्या ऑल अमेरिकन संचात आहेत, पण तेव्हा ते निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती. जाता जाता, त्याच संचात क्रमांक २१ हा व्हिझर व्हाइट आहे. त्याच्या काही प्रतींच्या पाठीवर दुसऱ्याच खेळाडूचा मजकूर छापला गेला. हा पुढे १९६२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला!

---

बेअर्सभक्त

नियम तुमचा, धागा तुमचा. पण मग नेमथ कसा चालतो ते सांगा. आकडे बघा: कारकिर्दीत १७३ टचडाऊन पास आणि २२० इंटरसेप्शन. म्हणजे त्याने आपल्या माणसापेक्षा समोरच्याच्या हातात चेंडू जास्त वेळा दिला. युनायटस आणि ब्राउनच्या पंगतीत हा बसतो का? शिकागोचाच उमेदवार द्यायचा तर फिलाडेल्फिया गमचा १९६६ चा संच आहे. डिक बटकस क्रमांक ३१, गेल सेयर्स क्रमांक ३८. दोघेही बेअर्सनी एकाच निवडीत लागोपाठ घेतलेले, आणि दोघांचं पहिलं कार्ड एकाच संचात.

---

कोकणकडा

नेमथसाठी मी शेवटपर्यंत भांडेन.

आकड्यांत तो बसत नाही, मान्य. पण १९६५ मध्ये काय चाललं होतं ते बघा. दोन लीग एकमेकांच्या जिवावर उठल्या होत्या. टॉप्सकडे तेव्हा जुन्या एनएफएलचे हक्क नव्हते, ते १९६४ पासून फिलाडेल्फिया गमकडे होते. टॉप्सच्या वाट्याला नवी, हिणवली जाणारी एएफएल आली. त्या जानेवारीत एएफएलच्या न्यू यॉर्क जेट्सनी अलाबामाच्या या पोराशी ४,२७,००० डॉलरचा करार केला. एवढा आकडा तोवर कुणी ऐकला नव्हता. आणि त्याच वर्षी टॉप्सने कार्डाचा आकारच बदलला: अडीच इंच रुंद आणि जवळजवळ पावणेपाच इंच उंच. संग्राहक याला टॉल बॉय म्हणतात. १७६ कार्डांपैकी १३२ इतरांपेक्षा कमी छापली गेली आणि नेमथ त्यातच आहे.

हातात घेऊन बघा. मागे सपाट पिवळा रंग, हेल्मेट न घातलेला बावीस वर्षांचा तरुण, आणि हे कार्ड कुठल्याही नेहमीच्या डब्यात मावत नाही. उंचीमुळे वरचे कोपरे दुमडलेलेच असतात. दहा फुटांवरून ओळखू येण्याची कसोटी याच कार्डावरून सुचली म्हटलं तरी चालेल. पुढे, १२ जानेवारी १९६९ ला, दोन्ही लीगच्या विजेत्यांमधल्या सुपर बोल सामन्यात, आम्हीच जिंकणार असं आधी सांगून त्याने बाल्टिमोरला १६–७ ने हरवलं. समोरच्या संघात कोण होतं? कोपराच्या दुखापतीतून सावरत नंतर मैदानात उतरलेला युनायटस. एका लीगचा राजा आणि दुसरीचा आव्हानवीर, दोघांची पहिली कार्डं याच यादीत आहेत. नेमथ काढला तर युनायटसच्या कार्डाचीही अर्धी गोष्ट जाते.

सेयर्स आणि बटकस दोघेही अस्सल. पण तो संच दिसायला सपक आहे, बेअर्सभक्त, हे तुम्हीही मान्य कराल.

---

मृद्गंध

नेमथबद्दल पटलं. मग डेव्हिससाठी जागा कुठे? माझा प्रस्ताव: नागुर्स्की, वॉशिंग्टन, युनायटस, ब्राउन, नेमथ हे पाच राहू द्या आणि डेव्हिसला सहावा घ्या. पाचाचाच आग्रह कशाला?

---

कोकणकडा

घेतला.

---

बेअर्सभक्त

डेव्हिसला माझंही मत. ग्रेंजसाठी वेगळा धागा काढतो, युद्धाआधीची सगळी कार्डं त्यात घेऊ.

---

जुनाबाजार

माझा भाचा डॅलसला असतो. सगळं वाचून त्याला डेव्हिसचं कार्ड घ्यायला सांगावंसं वाटतंय, माझ्याच संग्रहासाठी. फार खर्च करायचा नाही. खोटं कार्ड कसं ओळखायचं?

---

सह्याद्रीपार

जुनाबाजार, उत्तम निवड. काळ्या कडेमुळे चांगल्या प्रती महाग असतात, पण झिजलेली कार्डं आवाक्यात येतात. भाच्याला एवढं सांगा:

आधी १९६२ टॉप्सचंच कुठल्याही साध्या खेळाडूचं एक स्वस्त कार्ड घ्यायचं आणि खिशात ठेवायचं. डेव्हिसचं कार्ड हाती आलं की दोन्ही एकावर एक ठेवून लांबी-रुंदी, जाडी आणि पाठीमागच्या पुठ्ठ्याचा रंग ताडून पाहायचा. मग जवाहिऱ्याचं भिंग लावून अक्षरं बघायची. जुन्या छपाईत काळी अक्षरं सलग शाईची, धारदार असतात. नंतरच्या नकलांत अख्खं कार्ड फोटोसारखं काढलेलं असल्यामुळे अक्षरंसुद्धा बारीक ठिपक्यांची बनलेली दिसतात.

काळी कड फारच काळीभोर दिसली तर सावध. पांढरी पडलेली कड मार्करने रंगवून विकणारे असतात. कार्ड तिरपं धरून उजेडात बघितलं की रंगवलेला भाग वेगळा चमकतो. कार्डाच्या जाडीवरून, म्हणजे बाजूच्या काठावरून, नजर फिरवायची. तिथे पुठ्ठ्यात शाई मुरलेली दिसली तर ते घ्यायचं नाही.

ग्रेडिंग केलेलं, म्हणजे तज्ज्ञांनी तपासून दर्जाचा अंक दिलेलं, सीलबंद डबीतलं घेतलं तर ही कटकट वाचते. दहापैकी २ किंवा ३ ग्रेड पुरे. कोपरे गेलेले चालतील, पण चेहऱ्यावरून घडी गेलेली नको. डॅलसच्या आसपास कार्ड शो बऱ्याचदा भरतात, तिथे हातात घेऊन बघता येईल. भाच्याला मला इथे निरोप टाकायला सांगा, पुढच्या शोला मी जाणारच आहे.